हँडलच्या टोकाची खूण : मुलीच्या पोटाला लागलेला मुका मार आणि प्लीहा वाचवण्याचे दोन निर्णय

मुलगी आठ वर्षांची, वजन २४ किलो. सायकल वळवताना पुढचे चाक आडवे झाले, ती पुढे पडली आणि हँडलचे टोक पोटात वरच्या डाव्या बाजूला लागले. पाच-दहा मिनिटे रडून शांत झाली. अर्ध्या तासाने एक उलटी झाली, चेहरा पांढरा पडला, म्हणून घरचे घेऊन आले. पडल्यापासून तातडीच्या विभागात पोचेपर्यंत ५० मिनिटे गेली होती.

(हे प्रकरण कोणा एका मुलीचे नाही. हँडलच्या इजेत पुन्हा पुन्हा दिसणारा क्रम घेऊन ते शिकवण्यासाठी बांधले आहे. औषधांचे आणि रक्ताचे हिशेब मात्र खऱ्या कामात जसे केले जातात तसेच आहेत.)

आल्यावरच्या नोंदी : नाडी मिनिटाला १४८, रक्तदाब ९६/६०, श्वास ३२, ऑक्सिजन ९७ टक्के, तापमान ३५.८ अंश. शुद्ध पूर्ण, पण बोलणे कमी. हात कोपरापर्यंत गार. छातीच्या हाडावर दाबून सोडल्यावर त्वचेत रंग परतायला चार सेकंद लागले. बरगड्यांच्या कडेखाली, बेंबीपासून डावीकडे चार बोटांवर, रुपयाएवढा गोल लालसर वण. पोट डावीकडे दुखरे, थोडे फुगलेले.

९६ हा आकडा

वरचा रक्तदाब ९६ दिसला की खोलीतली घाई कमी होते. पहिली चूक होते ती इथे. या वयात वरच्या रक्तदाबाची खालची मर्यादा ७० अधिक वयाची दुप्पट, म्हणजे ८६. मुलगी त्याच्या वर आहे, म्हणून ती ठीक आहे असे वाटते. पण मुलांच्या रक्तवाहिन्या जबरदस्त आवळल्या जातात आणि हृदय वेग वाढवून तूट झाकते. अंगातले जवळपास ३० टक्के रक्त जाईपर्यंत रक्तदाब टिकून राहू शकतो, आणि मग तो पायरीपायरीने न उतरता एकदम कोसळतो. मुलाच्या अंगात किलोमागे साधारण ८० मिली रक्त धरले, तर हिच्या अंगात सुमारे १,९०० मिली. त्याचे ३० टक्के म्हणजे ५७० मिली. मोठ्या माणसात ज्याची फारशी दखल घेतली जाणार नाही एवढे रक्त गेले, की ही मुलगी कड्याच्या टोकावर असते.

म्हणून नाडीला वरच्या रक्तदाबाने भागायचे. यालाच वयानुसार ठरवलेला शॉक इंडेक्स म्हणतात. मुका मार लागलेल्या मुलांसाठी त्याच्या मर्यादा संशोधनातून ठरल्या आहेत : ४ ते ६ वर्षे १.२२, ७ ते १२ वर्षे १.०, १३ ते १६ वर्षे ०.९. हिचा आकडा १४८ भागिले ९६, म्हणजे १.५४. गार हात आणि चार सेकंदांची त्वचा त्याच्या जोडीला ठेवली की शंकेला जागा राहत नाही. मुलगी रक्तस्रावाच्या धक्क्यात आहे, रक्तदाब काहीही म्हणो.

‘घाबरली आहे, दुखतंय, म्हणून नाडी जास्त’ हा युक्तिवाद नेहमी होतो. तो तपासून पाहता येतो. फेन्टानिल किलोमागे १ मायक्रोग्रॅम, म्हणजे २४ मायक्रोग्रॅम, शिरेतून द्यायचे आणि पाच मिनिटांनी नाडी पुन्हा मोजायची. दुखण्याची नाडी खाली येते, रक्ताची येत नाही. वेदनाशामक दिल्याने पोटाची तपासणी बिघडते हा जुना समज आहे. उलट मूल शांत झाल्यावर पोट जास्त नीट कळते. इथे नाडी १४८ वरून १४२ वर आली. उत्तर मिळाले.

पहिला अर्धा तास

दोन्ही हातांत २२ नंबरच्या सुया. पोटाच्या इजेत शिरा हातातच शोधायच्या, कारण पोटातली मोठी नीला फाटलेली असेल तर पायातून दिलेले द्रव पोटातच सांडेल. दोन प्रयत्नांत किंवा दीड मिनिटात शीर मिळाली नाही तर हाडातली सुई घालायची, पुढे टोचत बसायचे नाही.

पहिल्याच नमुन्यातून रक्तगट व क्रॉसमॅच, हिमोग्लोबिन, शिरेतल्या रक्ताचा वायू, लॅक्टेट, यकृताची एन्झाइम्स आणि लायपेज (स्वादुपिंडाचे एन्झाइम) पाठवले. हिमोग्लोबिन १०.८ आले. याने फसू नये. रक्त वाहून जाते तेव्हा पेशी आणि द्रव एकत्रच जातात, त्यामुळे पहिल्या तासात आकडा उतरत नाही. खरी बातमी वायूत होती : बेस डेफिसिट ७, लॅक्टेट ४.२, म्हणजे पेशींना ऑक्सिजन पुरत नाही आणि रक्तात आम्ल साठते आहे.

द्रव किती द्यायचे हे गेल्या काही वर्षांत बरेच बदलले. पूर्वी किलोमागे २० मिली सलाईन, पुन्हा २०, मग तिसऱ्यांदा २०, आणि त्यानंतर रक्त असा क्रम होता. तोवर मूल थंड झालेले, रक्त पातळ झालेले आणि गोठण्याची ताकद संपलेली असायची. आता एकदाच, तेही गरम केलेले, आणि लगेच रक्त. हिला किलोमागे १० मिली, म्हणजे २४० मिली कोमट द्रव दहा मिनिटांत दिले. रक्त दारात आल्यावर दुसरी बाटली लावली नाही. किलोमागे १० मिलीने २४० मिली लाल पेशी सुरू केल्या. बाटली लटकवून थेंब मोजू नयेत. ५० मिलीच्या सिरिंजने तीन तोंडी चावीतून ओढून ढकलायचे आणि प्रत्येक सिरिंजची नोंद एकाच माणसाने मोठ्याने सांगत लिहायची, कारण लहान मुलात दोन सिरिंजा जास्त गेल्या तरी तो मोठा फरक असतो.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (रक्ताची गुठळी टिकवून धरणारे औषध) किलोमागे १५ मिग्रॅ, म्हणजे ३६० मिग्रॅ, दहा मिनिटांत. इजेपासून तीन तासांच्या आत असेल तरच. या औषधाचा मुख्य आधार असलेल्या २०१०च्या क्रॅश-२ चाचणीत प्रौढ रुग्ण होते. मुलांसाठी तो आधार उसना घेतलेला आहे, हे लक्षात ठेवून ते वापरावे. रक्त भराभर जात असेल तर कॅल्शियमकडे लक्ष हवे, कारण पिशवीतले रक्त गोठू नये म्हणून घातलेले सायट्रेट ते बांधून टाकते.

दोन साध्या गोष्टी राहून जातात. एक, जठरात नळी. रडणारे मूल हवा गिळते, फुगलेले जठर छाती आणि पोटामधल्या पडद्याला वर ढकलते, श्वास उथळ होतो आणि पोट दुखरे वाटते. १२ नंबरची नळी घालून हवा काढल्यावर हिचे पोट निम्मे मऊ झाले. दुसरी, ऊब. तपासणीसाठी कपडे काढलेले मूल पाच मिनिटांत गार होते. ३५.८ चे ३५ झाले की रक्त गोठणे मंदावते.

फास्ट सोनोग्राफीत (पोटात रक्त साठले आहे का ते पलंगाशीच झटपट पाहणारी तपासणी) प्लीहेभोवती, म्हणजे डाव्या बरगड्यांखालच्या रक्ताने भरलेल्या अवयवाभोवती, आणि ओटीपोटात द्रव दिसला. या तपासणीची मुलांमधली जागा नीट समजून घ्यावी. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रक्ताभिसरण स्थिर असलेल्या ९२५ मुलांमध्ये फास्ट केल्याने सीटीचे प्रमाण घटले नाही. द्रव नाही म्हणून इजा नाही, असे म्हणता येत नाही. अस्थिर मुलात मात्र ती दोन मिनिटांत एक प्रश्न सोडवते : रक्त पोटात जाते आहे की दुसरीकडे कुठे.

सीटीला न्यायचे की टेबलावर

रक्त संपताना नाडी १२०, रक्तदाब १०२, हात कोमट, त्वचा अडीच सेकंद. शॉक इंडेक्सचा आकडा १.१८. अजून सामान्य नाही, पण दिशा बदलली आणि ती टिकली. म्हणून सीटी. हाच प्रतिसाद मिळाला नसता तर सीटीच्या खोलीत पाऊलही टाकायचे नव्हते.

सीटी एकाच फेरीत काढली : शिरेतून किलोमागे २ मिली, म्हणजे ४८ मिली कॉन्ट्रास्ट (चित्रात रक्तवाहिन्या ठळक दिसाव्यात म्हणून देतात ते औषध), पोर्टल शिरा भरण्याच्या वेळेला. आधी साधी, मग उशिराची अशा तीन फेऱ्या मुलात केल्या की किरणांचा डोस तिप्पट होतो आणि निर्णय सहसा तोच राहतो. तोंडाने कॉन्ट्रास्ट दिला नाही.

प्लीहेत खोल चीर मुळाकडच्या वाहिन्यांपर्यंत गेलेली, एक चतुर्थांशाहून जास्त भागाला रक्तपुरवठा नाही, आणि आत कॉन्ट्रास्टचा लहानसा झिरप, म्हणजे रक्त अजून गळते आहे. अमेरिकन असोसिएशन फॉर द सर्जरी ऑफ ट्रॉमाच्या २०१८च्या श्रेणीनुसार चौथी श्रेणी.

प्रौढाच्या विभागात असा झिरप दिसला की रक्तवाहिनी बंद करण्यासाठी किंवा ऑपरेशनसाठी हालचाल सुरू होते. मुलात झिरप एवढ्या कारणावर तसे करत नाहीत. मुलांच्या प्लीहेचे आवरण तुलनेने जाड, वाहिन्या आकुंचन पावण्यात तरबेज, आणि चिरा बहुधा वाहिन्यांच्या दोन थरांमधून जातात; त्यामुळे बहुतेक रक्तस्राव आपला आपण थांबतो. श्रेणी सांगते की प्लीहेचे काय झाले. मुलीचे काय होते आहे ते नाडी सांगते. निर्णय दुसऱ्यावर घ्यायचा.

ही समज मुलांच्या शल्यचिकित्सेने कष्टाने मिळवलेली आहे. फाटलेली प्लीहा काढलीच पाहिजे, नाहीतर रुग्ण मरतो, असे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शिकवले जाई. १९५२मध्ये किंग आणि शुमॅकर यांनी तान्हेपणी प्लीहा काढलेल्या पाच बाळांना झालेल्या गंभीर संसर्गांची नोंद छापली, आणि प्लीहा काढण्याची किंमत पहिल्यांदा नीट दिसली. टोरांटोच्या हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रनमध्ये तोवर काही मुलांना ऑपरेशनविना सांभाळले जात होते. तिथला अनुभव १९६८मध्ये पुरुषोत्तम उपाध्याय आणि सिम्पसन यांनी मांडला. उपाध्यायांनी त्याच वर्षी सहकाऱ्यांसह माकडांच्या प्लीहेवरचा प्रयोगही प्रसिद्ध केला, कारण ‘प्लीहेची जखम भरत नाही’ हे वाक्य कोणीतरी तपासून पाहणे गरजेचे होते. दिल्लीच्या एम्समध्ये बालशल्यचिकित्सा उभी करणाऱ्यांत त्यांचे नाव येते. प्लीहेच्या संदर्भात मात्र आपल्याकडे ते फारच कमी घेतले जाते.

पुढचा प्रश्न होता किती दिवस झोपवायचे याचा. अमेरिकन पीडियाट्रिक सर्जिकल असोसिएशनने ३२ केंद्रांतल्या ८५६ मुलांच्या नोंदींवरून २०००मध्ये श्रेणीवर आधारलेला हिशेब दिला : श्रेणी अधिक एक एवढे दिवस रुग्णालयात. त्याने मनमानी कमी झाली. पण श्रेणीवर दिवस मोजणेही हळूहळू सुटत गेले, आणि आता अतिदक्षता विभाग, तपासण्या आणि घरी सोडणे हे सगळे मुलाच्या प्रकृतीवर ठरते. ऑपरेशनविना उपचार फसला असे कधी म्हणायचे, त्याचीही रेघ आखली गेली : एकूण रक्त किलोमागे ४० मिलीच्या पुढे गेले आणि स्थिरता टिकत नसेल तर रक्तवाहिनी बंद करणे किंवा ऑपरेशन. हिच्यासाठी ती रेघ ९६० मिली. हा आकडा पलंगाच्या पाटीवर लिहून ठेवला. मध्यरात्री पाळी बदलते तेव्हा डोक्यातले आकडे पुढच्या माणसाकडे जात नाहीत.

अतिदक्षता विभागात दोन तासांनी नाडी १०४, रक्तदाब १०६, आकडा ०.९८. लघवी तासाला ३० मिली, गरज २४ची. सहाव्या तासाला हिमोग्लोबिन ८.१, बाराव्याला ७.८. नाडी ९६. रक्त दिले नाही. स्थिर मुलात ७ च्या वर रक्त देण्याचे कारण नसते, आणि ८.१ चे ७.८ होणे हे दिलेल्या द्रवाने आधीच गेलेली तूट उघडी पडणे असते. इथे घाबरून रक्त चढवले, तर ४० मिलीच्या रेघेचाही अर्थ जातो.

सव्विसावा तास

सगळे नीट चालले असताना दुसऱ्या दिवशी ताप आला, ३८.४. नाडी १२६, रक्तदाब १०४, आकडा पुन्हा १.२१. नळीतून हिरवट पाणी जास्त येऊ लागले. पोट जास्त दुखू लागले, आणि दुखण्याची जागा डाव्या बरगडीखालून बेंबीकडे सरकली.

विभागात दोन तर्क निघाले. पहिला, प्लीहा पुन्हा वाहू लागली. हिमोग्लोबिन केले : ७.७. बाराव्या तासापासून फक्त ०.१ चा फरक. नाडी चढते आणि हिमोग्लोबिन जागचे हलत नाही, तर हा रक्तस्राव असण्याची शक्यता कमी. दुसरा तर्क, पोटात रक्त साठले आहे, त्याने ताप आणि दुखणे होणारच. हा तर्क जास्त धोक्याचा, कारण तो अर्धा खरा आहे. पोटातले रक्त दुखते, थोडा ताप आणते. पण ते दुखणे पहिल्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि रोज कमी होत जाते. चोवीस तासांनी वाढणाऱ्या दुखण्याचे कारण दुसरे शोधायचे.

आणि ते कारण पहिल्या तपासणीपासून समोर होते. गोल वण बरगडीवर नव्हता, बरगडीच्या खाली होता. हँडलचे टोक दोन-तीन सेंटिमीटरच्या जागेवर सगळा जोर एकवटते. समोर मऊ पोट, मागे मणका. मध्ये सापडते ते ग्रहणी (जठराला लागून असलेला आतड्याचा तुकडा), स्वादुपिंड किंवा लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग. प्लीहा फाटली हे दिसले आणि वणाचा हिशेब पुरा झाला असे सगळ्यांनी मानले. एक इजा सापडली की शोध थांबतो, हा या प्रकारातला सर्वांत महाग दोष.

पहिली सीटी पुन्हा उघडून पाहिली. आतड्याच्या घड्यांमध्ये, आंत्रपटाच्या (आतड्याला पोटाच्या मागच्या भिंतीशी धरून ठेवणाऱ्या पडद्याच्या) पानांत अडकलेले त्रिकोणी द्रव होते. त्याची घनता प्लीहेजवळच्या रक्तापेक्षा स्पष्टपणे कमी. हवा नव्हती. इजेनंतरच्या पहिल्या काही तासांत आतड्याचे छिद्र सीटीत न दिसणे नवीन नाही : आतडे आकसलेले असते, आतला मजकूर थोडा असतो. काही वेळा तर भिंत फक्त चेचलेली असते आणि एक दिवसाने मरून फाटते. लायपेज पहिल्यांदा सामान्य होते, तेही दोन तासांच्या आत घेतलेले असल्याने विश्वासाचे नव्हते. पुन्हा केले, तेव्हाही सामान्य. स्वादुपिंडाची शंका मागे पडली.

बेंबीभोवतीचे स्नायू आता हात ठेवताच कडक होत होते. दुसरी सीटी काढली नाही. पोट कडक, ताप, नाडी वर : ऑपरेशनचा निर्णय हातानेच झाला. दर चार तासांनी एकाच माणसाने पोट तपासायचे आणि लिहायचे हा नियम इथे कामी आला. चार वेगवेगळ्या हातांनी चार वेगवेगळे शब्द लिहिले असते, तर ‘कालच्यापेक्षा जास्त’ हे कोणालाच म्हणता आले नसते.

भुलेच्या आधी लाल पेशी २४० मिली दिल्या. एकूण ४८० झाल्या, रेघ अजून निम्म्यावर. हिमोग्लोबिन ७.७ असताना स्थिर पलंगावर रक्त नको होते, पण टेबलावर जाणाऱ्या मुलीला राखीव साठा हवा. आतड्यातल्या जंतूंना झाकणारी प्रतिजैविके शिरेतून सुरू केली.

मधली उभी चीर, बेंबीच्या वर. आत जुने काळसर रक्त आणि हिरवट पाणी. ग्रहणी जिथे लहान आतड्याला मिळते, तिथून १५ सेंटिमीटरवर आंत्रपटाच्या विरुद्ध कडेला १ सेंटिमीटरचे छिद्र. कडा काळ्या पडलेल्या, त्या जिवंत लाल रक्त येईपर्यंत कापल्या आणि छिद्र आडवे शिवले, म्हणजे नळी अरुंद होत नाही : विरघळणाऱ्या ४-० धाग्याचे एकेरी थरातले सुटे टाके. मग ग्रहणी उजवीकडून सोडवून मागून पाहिली, जठरामागच्या छोट्या पिशवीतून स्वादुपिंड पाहिले, आतडे सुरुवातीपासून शेवटपर्यंत हातातून काढले, आंत्रपटातल्या फटी शोधल्या. एक छिद्र सापडले की दुसरे शोधायचे.

आणि प्लीहा? तिला हात लावला नाही.

हे सांगायला सोपे, करायला कठीण. पोट उघडे आहे, डाव्या कोपऱ्यात गोठलेल्या रक्ताचा गोळा दिसतो आहे, ‘आलोच आहोत तर बघून घेऊ’ हा मोह प्रत्येक हाताला होतो. तो गोळा हाच टाका आहे. तो उचलला की चौथ्या श्रेणीची चीर पुन्हा वाहू लागते, आणि मग वाचलेली प्लीहा टेबलावर जाते. पोट धुताना कोमट सलाईनची धार डाव्या पडद्याखाली जोरात सोडायची नाही, सक्शनची नळी तिकडे न्यायची नाही, आतडे ओढताना प्लीहेच्या बंधांवर ताण येऊ द्यायचा नाही. ऑपरेशन झाले म्हणजे प्लीहेचा ऑपरेशनविना उपचार फसला असे नाही. कागदावर या दोन गोष्टी वेगळ्या लिहाव्यात, कारण नोंदवह्यांवर चालणाऱ्या संशोधनात अशी मुले ‘अपयशी’ रकान्यात जाऊन बसतात आणि उपचाराचे आकडे विनाकारण वाईट दिसतात.

नळी तीन दिवस ठेवली, चौथ्या दिवशी पाणी, पाचव्या दिवशी मऊ अन्न. हिमोग्लोबिन ९ वर थांबले. पलंगावर सक्तीने झोपवले नाही. नाडी ठीक आणि पोट मऊ झाल्यावर चालवले. आठव्या दिवशी घरी.

एक बाजूची पण आवश्यक गोष्ट. हँडलची हकीकत आणि गोल वण इथे जुळत होते. चार वर्षांखालच्या मुलात आतड्याचे छिद्र असेल आणि हकीकत पलंगावरून किंवा पायरीवरून पडल्याची असेल, तर ती जुळत नाही. तिथे मारहाणीची शक्यता त्याच दिवशी तपासायची. नाहीतर पुढच्या भेटीपर्यंत मूल मारणाऱ्याच्याच हातात परत गेलेले असते.

घरी जाताना दिलेल्या कागदावर हे लिहिले : सहा आठवडे (श्रेणी चार अधिक दोन) सायकल, झाडावर चढणे, ढकलाढकलीचे खेळ बंद, शाळा आणि चालणे चालू. तक्रार नसेल तर पुन्हा सीटी नाही. अचानक डावीकडे दुखणे, डाव्या खांद्यात कळ, चक्कर, पांढरे पडणे, काळी शी किंवा हिरवी उलटी झाली तर वेळ न पाहता परत यायचे, आणि आल्यावर पहिल्या माणसाला ‘प्लीहेला चौथ्या श्रेणीची इजा, आतड्याला टाके’ एवढे शब्द सांगायचे. प्लीहेचा रक्तपुरवठा असलेला भाग पुरेसा उरल्याने प्लीहा काढलेल्या मुलांना लागणाऱ्या जास्तीच्या लशी आणि रोजचे पेनिसिलिन दिले नाही. वयाच्या नेहमीच्या लशी पूर्ण आहेत का ते मात्र कार्डावर पाहून घेतले. हँडलच्या टोकाचे रबर निघालेले होते, उघड्या नळीची कड पोटाला लागली होती. नवी टोपी बसवल्याशिवाय ती सायकल कोणत्याच मुलाने चालवायची नाही, हे कागदावरचे शेवटचे वाक्य.